चौदा सालचं घर

शनिवारी संध्याकाळी जेवणाची भांडी आवरली की ब्यूला कीफर स्वयंपाकघराचं दार ओढून घेई आणि बाहेरच्या खोलीत गोधडी शिवत बसे. दाराआड तिचा नवरा ॲमन टेबलावर जुनं मेणकापड अंथरी, बँकेतून आणलेल्या पेन्यांच्या, म्हणजे एका सेंटच्या तांब्याच्या नाण्यांच्या, कागदी गुंडाळ्या एकेक करून फोडी आणि सगळा ढीग समोर पसरून बसे. पेन्या टेबलावर ओतल्याचा खळखळाट झाला की ब्यूलाच्या हातातली सुई जरा जोरातच कापडात घुसायची. इतक्या वर्षांत त्या आवाजाची सवय व्हायला हवी होती. झाली नव्हती.

सोमवारी ॲमन त्याच पेन्या पुन्हा गुंडाळून बँकेत परत देई आणि पुढच्या शनिवारी दुसऱ्या आणी. बँकेतल्या मुली त्याला बघून एकमेकींना कोपरानं ढोसायच्या, पण प्रेमानं. केलर्सबर्गमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं की मोज्यांच्या गिरणीतला ॲमन कीफर एक पेनी शोधतोय. एकच.

हा उद्योग मुळात त्यांच्या मुलीचा, आर्लीनचा. आठव्या वर्षी तिनं वाढदिवसाला बापाकडून एक निळं फोल्डर घेतलं होतं. उघडलं की जाड पुठ्ठ्यात गोल गोल घरं, एका पेनीचं एक. प्रत्येक घराखाली साल छापलेलं आणि सालाखाली ज्या टांकसाळीत ती पेनी पाडली तिचं अक्षर. फिलाडेल्फियाच्या पेनीवर अक्षर नसतं, डेन्व्हरच्या पेनीवर ‘डी’, सॅन फ्रान्सिस्कोच्या पेनीवर ‘एस’. एका बाजूला लिंकनचं डोकं, दुसऱ्या बाजूला गव्हाच्या दोन लोंब्या. पेनी सापडली की ती घरावर ठेवून अंगठ्यानं दाबायची, ‘टक’ असा आवाज होऊन ती बसते. त्या ‘टक’साठी आर्लीन जेवण सोडून उठायची.

नियमही तिचाच. पेनी विकत आणायची नाही. किराणावाल्यानं दिलेल्या मोडीत सापडू दे, बँकेच्या गुंडाळीत सापडू दे, रस्त्यात पडलेली सापडू दे, पण सापडली पाहिजे. "विकत आणली तर घर भरतं, पण खोटं भरतं," असं ती म्हणायची, आणि बापानं गंभीर तोंडानं मान डोलावली होती. अकराव्या वर्षी उन्हाळ्यात पोलिओनं ती गेली. तेव्हा त्या फोल्डरमधलं एकच घर रिकामं होतं. चौदा साल, म्हणजे एकोणीसशे चौदा, डेन्व्हर.

त्यानंतरची बारा वर्षं ॲमन तीच पेनी शोधत होता.

ब्यूलाला पेन्यांचा राग होता असं नाही म्हणता येणार. राग होता तो त्या बंद दाराचा. दार ती स्वतःच ओढून घ्यायची हे खरं, पण त्यानं कधी "राहू दे उघडं" असंही म्हटलं नव्हतं. आर्लीन होती तेव्हाही शनिवार बापलेकीचा असायचा. दोघं टेबलाशी डोक्याला डोकं लावून बसायची, ब्यूलाला काही विचारलं तर दोघंही एकदम "शू!" करायची. तेव्हा तिला गंमत वाटायची. मुलगी गेल्यावर तिच्या वाटणीला आलं ते नुसतं थडगं आणि एक लोकरीची टोपी. बापाकडं मात्र दर शनिवारी मुलगी यायची, टेबलाशी बसायची. ब्यूलानं हे कुणाला कधी बोलून दाखवलं नाही, चर्चच्या पाद्रीबाबांनाही नाही. स्वतःच्याच नवऱ्याचा आणि मेलेल्या मुलीचा हेवा वाटतो, हे कुठल्या तोंडानं सांगणार?

मग त्या हिवाळ्यात ॲमनचे डोळे गेले. म्हणजे एकदम नाही. गिरणीतल्या यंत्राच्या सुया त्याला वाकड्या दिसायला लागल्या, मग वर्तमानपत्राच्या ओळी. डॉक्टर म्हणाला, डोळ्याच्या आतल्या पडद्याची मधोमध झीज होतेय, यावर इलाज नाही. कडेचं दिसत राहील, पण जिकडं रोखून बघाल तिथं डाग.

"म्हणजे जे बघायचं ते सोडून बाकी सगळं दिसणार," ॲमन गाडीत बसता बसता म्हणाला. "गिरणीतल्या मुकादमाला पूर्वीपासून हाच आजार आहे."

ब्यूला हसली नाही. तिच्या मनात एकच गोष्ट आली, ती म्हणजे चौदा सालचं ते घर. हा माणूस आंधळा होणार, ते घर तसंच राहणार, आणि मग हा उरलेलं आयुष्य त्या टेबलाशी नुसता ढीग चिवडत बसणार. घर भरलं तर याचं संपेल. मुलगी सुखानं जाईल, आणि हा माणूस दाराच्या अलीकडं येईल. तिला नवरा परत हवा होता. इतकं साधं होतं ते.

दर शुक्रवारी गावाबाहेरच्या मोठ्या कोठारात बाजार भरायचा. डुकरांचा लिलाव, कोंबड्या, जुनी हत्यारं, लोणच्याच्या बरण्या. त्यात एका कोपऱ्यात एक परगावचा माणूस काचेची पेटी मांडून जुनी नाणी विकायचा. ब्यूला आपली सगळ्यात चांगली गोधडी, आठ कोनांच्या चांदण्यांची, जी तिनं दोन हिवाळे खपून शिवली होती, ती हॅरिसबर्गहून आलेल्या एका बाईला विकून थेट त्याच्याकडं गेली.

"चौदा सालची पाहिजे. डी असलेली."

त्या माणसानं तिच्या टोपीपासून बुटांपर्यंत नजर फिरवली. "बाई, तुम्हाला नक्की माहितीये ना काय मागताय ते? असली चीज रोज हाताला लागत नाही."

"आहे का नाही ते सांगा."

"तुमचं नशीब जोरावर दिसतंय." त्यानं खिशातून एक छोटं पाकीट काढलं. "ही पेटीत ठेवतच नाही मी. चोऱ्या होतात."

पेनी तपकिरी होती, बऱ्यापैकी झिजलेली. ब्यूलानं ती उजेडात धरली. एकोणीसशे चौदा. खाली डी. तिला वाटलं होतं चकचकीत असेल, पण मग तिच्या लक्षात आलं की झिजलेलीच बरी. चकचकीत असती तर ॲमनला लगेच वास लागला असता. आपण किती हुशार आहोत याचं तिला परतीच्या वाटेवर कौतुकही वाटलं.

शनिवारी ॲमन अंगणात असताना तिनं त्याच्या पिशवीतली एक गुंडाळी काढली, एका टोकाचा कागद उलगडला, वरची पेनी काढून तिच्या जागी ही घातली. मग कागद पुन्हा आत मुरडला. हाताला सवय होती, बोटं आपोआप फिरली, आणि टोक आधीपेक्षाही नीटस बसलं. देवा, माझं खोटं पदरात घे, असं काहीतरी ती पुटपुटली आणि गुंडाळी मधोमध खुपसून ठेवली.

त्या संध्याकाळी तिनं दार ओढलं नाही. कात्री शोधायच्या निमित्तानं ती ओट्यापाशी रेंगाळली. ॲमन मान एका बाजूला कलती करून बसला होता, पेनी अगदी गालाजवळ नेऊन डोळ्याच्या कोपऱ्यातून बघायचा आणि पलीकडं सारायचा. पूर्वी एका गुंडाळीला जेवढा वेळ लागायचा तेवढा आता दहा-बारा पेन्यांना लागत होता. ब्यूलानं कात्रीचा कप्पा तीनदा उघडला, तीनदा लावला.

एक गुंडाळी त्यानं हातात घेतली आणि थांबला. तिच्या टोकावरून बोट फिरवलं. मग फोडली.

ब्यूलानं कप्पा सोडला आणि ॲप्रनचं टोक मुठीत धरलं.

पहिलीच पेनी. त्यानं ती गालाशी नेली, डोकं वळवलं, उलटी केली, पुन्हा सुलटी केली. भिंग उचललं, खाली ठेवलं. मग अंगठ्याचं नख पेनीवरून अगदी हळू एकदा फिरवलं. नंतर कितीतरी वेळ तो नुसता बसून राहिला. इतका वेळ, की ब्यूलाला वाटलं, आता हा रडणार.

"ब्यूला," तो म्हणाला.

"काय रे?"

"चौदा साल. डी."

"खरंच? नीट बघितलंस?"

"नीट बघितलं."

त्यानं फोल्डर ओढलं, चाचपून घर शोधलं, पेनी त्यावर ठेवली आणि अंगठा दाबला. टक. जी खुर्ची हाताला लागली ती ओढून ब्यूला बसली आणि ॲप्रनमध्ये तोंड खुपसून रडायला लागली. ॲमननं टेबलावरून हात पुढं केला. तांब्याच्या वासाचा, काळ्या बोटांचा तो हात तिनं दोन्ही हातांत धरला. बारा वर्षांत पहिल्यांदाच दोघं एकत्र रडली.

त्यानंतरचा उन्हाळा ब्यूलाला जन्मभर पुरेल असा गेला. ॲमन बँकेत जायचा बंद झाला. शनिवारी संध्याकाळी दोघं ओसरीच्या झोपाळ्यावर बसू लागली. ती त्याला वर्तमानपत्र वाचून दाखवायची, तो मध्येच गिरणीतल्या लोकांच्या नकला करायचा. चर्चच्या जेवणाला गेली, नदीकाठी गेली. आर्लीनबद्दल बोलली, तिला टॉन्सिल्स कसे झाले होते, ती बेडूक कसा खिशात घालून शाळेत गेली होती. ब्यूलाला कधीतरी त्या खोट्याचा काटा टोचायचा, पण मग ती त्याच्याकडं बघायची आणि म्हणायची, टोचू दे.

एकच गोष्ट तिला कळेना. पानगळीच्या सुमाराला गावच्या नाणेप्रेमी मंडळाचं वार्षिक प्रदर्शन असायचं, अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये. मंडळाचा अध्यक्ष विल्मर, जो धान्य-पेंडीचं दुकान चालवायचा, मुद्दाम घरी येऊन म्हणाला, "ॲमन, यंदा आर्लीनचं फोल्डर मधल्या टेबलावर. नाही म्हणायचं नाही. बारा वर्षं अख्खं गाव वाट बघतंय त्या पेनीची."

"नको," ॲमन म्हणाला.

"अरे, का पण?"

"नको म्हटलं ना. ते आमचं घरचं आहे."

विल्मर गेल्यावर ब्यूलानंही आग्रह करून बघितला. ॲमन एवढंच म्हणाला की आर्लीनला आवडलं नसतं. आता आर्लीनला आवडलं नसतं हे साफ खोटं होतं. ती पोर सापडलेली प्रत्येक पेनी दूधवाल्यापासून शेजारणीपर्यंत सगळ्यांना दाखवत फिरायची. ब्यूलाला वाटलं, हा विनय आहे. त्याला विनयाची खोडच होती. माणसानं बारा वर्षं डोळे फोडून केलेलं काम कपाटात कुजवायचं, हे काही तिला पटेना.

प्रदर्शनाच्या रविवारी ॲमन जेवून आडवा झाला. ब्यूलानं खाऊविक्रीच्या टेबलासाठी केलेला ॲपल-पाय टोपलीत ठेवला, वर फडकं टाकलं आणि फडक्याखाली ते निळं फोल्डर.

हॉलमध्ये कॉफीचा वास भरला होता. विल्मरनं फोल्डर बघितलं आणि त्याचा चेहरा उजळला. "मनवलंस अखेर त्या हट्टी बोकडाला!" ब्यूला नुसती हसली. विल्मर गडबडीत होता. त्यानं आत न बघताच ते मधल्या टेबलावर उघडून ठेवलं, शेजारी आर्लीनचं नाव लिहिलेली पाटी ठेवली आणि कुणीतरी हाक मारली म्हणून निघून गेला. ब्यूला टेबलामागं उभी राहिली. लोक येत होते, वाकून बघत होते, तिचा हात दाबत होते. शाळेतल्या जुन्या बाई आल्या, त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ब्यूलाला वाटलं, ॲमनला ओढून आणायला हवं होतं.

मग एक परगावचा टोपीवाला आला, फोल्डरवर वाकला आणि मोठ्यानं हसला.

"कोणाला टोपी घातली ही? चव्वेचाळीसची आहे की हो! चाराचा एक केलाय कुणीतरी."

आजूबाजूचं बोलणं थांबलं. ब्यूलाला आधी कळलंच नाही की हे आपल्याबद्दल चाललंय. विल्मर लगबगीनं आला, टोपीवाल्याला म्हणाला, "मित्रा, जा, कॉफी घे," आणि स्वतः वाकला. त्याला कळायला फार वेळ लागला नाही. त्यानं फोल्डर मिटलं, ब्यूलाच्या दंडाला धरून तिला पाठीमागं, बंबाच्या शिड्या ठेवल्या होत्या तिथं नेलं.

"ब्यूला, ही पेनी कुठून आली?"

"बँकेच्या गुंडाळीतून."

"ब्यूला."

"बाजारातून," ती म्हणाली. "मी घातली गुंडाळीत. त्याला माहीत नाही."

विल्मरनं टोपी काढली, डोकं खाजवलं. "हे बघ. एकोणीसशे चव्वेचाळीसमधला पहिला चार तासला की एकोणीसशे चौदा होतं. पण चार हा आकडा रुंद असतो. त्यामुळं नवाच्या आणि एकाच्या मध्ये ही अशी फट राहते. खऱ्या चौदा सालच्या पेनीत ती नसते." त्यानं फोल्डर उघडलं आणि अंगठ्याचं नख त्या फटीत टेकवलं. "नखाचं टोक बसलं की पेनी खोटी. भिंगसुद्धा लागत नाही."

"त्याचे डोळे गेलेत रे विल्मर," ब्यूला घाईघाईनं म्हणाली. "त्याला कसं दिसणार? मी आंधळ्याला फसवलं. आर्लीनच्या घरात खोटी..."

विल्मर तिच्याकडं बघतच राहिला.

"डोळ्यांचा काय संबंध?" तो म्हणाला. "ही नखाची युक्ती आम्हाला शिकवली कुणी? ॲमननंच. मंडळात नवीन माणूस आला की पहिल्या दिवशी त्याच्या हातात अशी खोटी पेनी देऊन तो म्हणायचा, डोळे मीट आणि सांग."

ब्यूलाला आठवलं. गालाशी धरलेली पेनी, खाली ठेवलेलं भिंग आणि एकदाच, अगदी हळू फिरलेलं ते नख.

तिनं फोल्डर छातीशी धरलं आणि टोपली तिथंच टाकून घरी आली. वाटेत ओळखीची माणसं भेटली, तिनं कुणाला ओळख दिली नाही.

ॲमन उठून स्वयंपाकघरात बसला होता. दाराचा आवाज ऐकून म्हणाला, "ॲपल-पायचा वास येतोय आणि ॲपल-पाय कुठं दिसत नाही. मला मधलं दिसत नाही हे ठीक, पण एवढं मोठं?"

ब्यूलानं फोल्डर टेबलावर ठेवलं. पुठ्ठ्याचा आवाज त्यानं ओळखला. त्याचा चेहरा उतरला.

"घेऊन गेली होतीस."

"हो."

"कोण बोललं?"

"एक परका. मग विल्मर."

"लोक हसले?"

"एकजण हसला." ती उभीच होती. "तुला माहीत होतं, ॲमन."

त्यानं फोल्डरच्या पुठ्ठ्यावर हात ठेवला.

"फट माहीत होती. विकत आणलेली आहे तेही माहीत होतं?"

"गुंडाळी हातात घेतली तेव्हाच." त्यानं टेबलावर बोटानं गोल काढला. "बँकेतल्या पोरी कागद नुसता दाबतात, चपटा. त्या टोकाला मुरड होती. चौतीस वर्षं मी तुझ्या हातचा ॲपल-पाय खातोय, ब्यूला. त्याची मुरडलेली कड मला अंधारातसुद्धा कळते."

ब्यूला मटकन खुर्चीत बसली. तिला हसू आलं आणि त्या हसण्याचंच रडणं झालं.

"मग बोलला का नाहीस? आर्लीनचा नियम मी मोडला. वर ती पेनीही खोटी. ओरडायचं होतंस माझ्यावर. फेकून द्यायची होतीस."

"राग आला होता," ॲमन म्हणाला. "खोटं कशाला बोलू? खूप राग आला होता. फेकणारच होतो. म्हणून तर मान वळवली, कुठं उभी आहेस बघायला. तुझा चेहरा मला दिसत नाही आता, तिथं डाग येतो. पण कडेचं दिसतं ना. तुझे हात दिसत होते. ॲप्रनचं टोक असं पिळत होतीस, जसं काही त्यातून पाणीच काढायचंय." तो थांबला. "आर्लीनच्या आजारपणात दवाखान्याच्या काचेबाहेर उभी असायचीस, तेव्हा तुझे हात असेच व्हायचे. त्यानंतर मी ते कधी बघितले नव्हते. बघायला पाहिजे होते."

ब्यूलानं दोन्ही हात टेबलावर ठेवले.

"बारा वर्षं मी त्या दाराबाहेर बसले," ब्यूला म्हणाली. आवाज चढला तसा तिनं चढू दिला. "कधी एकदा म्हणालास, ये, बस म्हणून?"

"नाही म्हणालो."

"का?"

त्यानं ती बसली होती त्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. "ही तिची खुर्ची. मला वाटायचं, यात दुसरं कुणी बसलं की ती जाईल. त्या रात्री तू हीच खुर्ची ओढलीस. रडण्याच्या भरात तुला कळलंही नाही. मी श्वास रोखून बसलो होतो. आणि काही झालं नाही ब्यूला. ती गेली नाही. उलट तुझ्या तोंडून बेडकाची गोष्ट आली, टॉन्सिल्सची आली. मला माहीतच नव्हत्या त्या, मी गिरणीत असायचो. एवढं सगळं तुझ्याकडं होतं आणि मी इथं पेन्या चिवडत होतो."

ब्यूलानं डोळे पुसले. फोल्डर उघडलं. ती खोटी पेनी आपल्या घरात निवांत बसली होती. आता बघितलं तर फट तिलाही दिसत होती. इतकी ढळढळीत, की आधी दिसली कशी नाही याचं नवल वाटावं.

"काढून टाकते," ती म्हणाली.

"राहू दे. चव्वेचाळीसची आहे. आर्लीनच्या जन्मसालची. खरी येईपर्यंत जागा धरून बसू दे तिला."

"खरी कुठून येणार आता? तू तर बघू शकत नाहीस."

ॲमनचं बोट टेबलाच्या कडेवरून मागं पुढं फिरत राहिलं, आणि ब्यूलाला कळलं की हा माणूस मागणार नाही. कितीही हवं असलं तरी मागणार नाही.

पुढच्या शनिवारी ती स्वतः बँकेत गेली. मुलींनी एकमेकींना कोपरानं ढोसलं. संध्याकाळी भांडी आवरल्यावर तिनं मेणकापड अंथरलं, गुंडाळ्या फोडल्या, पेन्यांचा ढीग ओतला आणि त्या खुर्चीत चष्मा पुसत बसली. ॲमन समोर, अंगठ्याचं नख तयार ठेवून. पहिली पेनी तिनं उजेडात धरली.

"एकोणीसशे एक्कावन्न," ती म्हणाली. "मग खाली..."

"सावकाश. आधी साल, मग अक्षर, असं नीट सांग."

"ती पण असंच करायची?"

"छे. ती आधी अक्षर बघायची. डी नसली की साल वाचायचीच नाही, सरळ ढकलून द्यायची. म्हणायची, पप्पा, उगाच कशाला वाचत बसायचं? मी किती ओरडायचो त्यावरून."

ब्यूलानं हातातली पेनी पुन्हा बघितली. सालाखाली काहीच नव्हतं. तिनं ती न बोलता ढकलून दिली आणि दुसरी उचलली.

"हे काय चाललंय?" ॲमन म्हणाला.

"डी नाही," ब्यूला म्हणाली. "उगाच कशाला वाचत बसायचं?"